लघवीत आर्सेनिक ‘हाय’ आलंय, पण आदल्या रात्री जेवणात काय होतं?

प्रश्न : मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या गावात राहते. पाचवा महिना चालू आहे. एका पॅकेजमध्ये लघवीतल्या जड धातूंची तपासणी केली. आर्सेनिक लिटरला 186 मायक्रोग्रॅम आलं आणि पुढे लाल अक्षरांत ‘हाय’ लिहिलंय. आदल्या रात्री तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) केल्या होत्या, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही. पॅकेजवाले म्हणतात, डिटॉक्सचा कोर्स घ्या. सासूबाईंनी घरात मासळीच बंद केली. पाणी विहिरीचं आहे. तीन वर्षांचा मुलगा आहे, त्याचंही तपासावं का? त्याच्या जावळाचे केस ठेवलेत, ते पाठवले तर चालतील? पोटातल्या बाळाच्या काळजीने झोप लागत नाही.

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट. डिटॉक्सचा कोर्स घेऊ नका, एक डोससुद्धा नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. दुसरं म्हणजे, 186 हा आकडा वाचून तुमच्या शरीरात विष आहे की नाही हे कुणालाही सांगता येणार नाही, आम्हालाही नाही. त्या आकड्यात तिसऱ्या आहेत आणि त्या किती आहेत हे तपासणीने वेगळं केलेलंच नाही.

आर्सेनिक एकाच रूपात नसतं. पाण्यात आणि तांदळात असतं ते प्रामुख्याने असेंद्रिय, आणि घातक तेच. ते पोटात गेलं की यकृत त्याचं रूप बदलतं. आधी एमएमए (मोनोमिथाइल आर्सेनिक), मग डीएमए (डायमिथाइल आर्सेनिक) तयार होतं आणि बहुतेक भाग लघवीवाटे निघून जातो. समुद्रातल्या मासळीत मात्र बहुतांश आर्सेनिक आर्सेनोबीटेन या रूपात असतं. ते शरीरात बदलत नाही, जसं आलं तसं एक-दोन दिवसांत बाहेर पडतं आणि अपाय करत नाही. ‘टोटल आर्सेनिक’ची तपासणी ही सगळी रूपं एकत्र मोजते. मासळीच्या भरपेट जेवणानंतर टोटल आकडा हजाराच्या पुढे गेला तरी तो मासळीचाच असू शकतो. किनाऱ्यावरच्या माणसाची टोटल तपासणी मासे न विचारता करणं म्हणजे तपासणीचे पैसे पाण्यात घालणं, आणि त्याहून वाईट म्हणजे एका गर्भवतीची झोप उडवणं.

तिसऱ्यांची गोष्ट आणखी एक पाऊल पुढची आहे. तिसऱ्या, कालवं, शिंपल्या यांच्यात आर्सेनोशुगर असते आणि शरीर तिचं डीएमए करतं. म्हणजे नुसती रूपं वेगळी करून मोजली तरी शिंपल्यांमुळे डीएमए वाढलेलं दिसतं. म्हणून दुसऱ्या तपासणीच्या आधी पथ्य पाळायलाच हवं. पाच दिवस समुद्रातलं काहीही नको. सुरमई-बांगडा थांबवणं सोपं असतं, चुकतं ते सुक्या मासळीत. आमटीत टाकलेलं मूठभर सुकट, वांग्याच्या भाजीतले सोडे, जवळ्याची चटणी, भाजलेला बोंबील, हे कुणी ‘मासे खाल्ले’ म्हणून धरत नाही. माशाच्या तेलाच्या ओमेगा-3 कॅप्सूल चालू असतील तर डॉक्टरांना सांगून त्याही तेवढे पाच दिवस बंद ठेवा, त्यातल्या तेलात विरघळणाऱ्या आर्सेनिकचंही डीएमए होतं. श्रावण पाळत असाल तर तोच नमुना देण्याचा उत्तम काळ. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीवर मात्र विसंबू नका, कारण त्याच दिवसांत सुकी मासळी जास्त खाल्ली जाते. गणपतीच्या पाच दिवसांतही नमुना देता येईल, फक्त गौरीला तिखटाचा नैवेद्य असेल तर त्याच्या आधीच द्या.

आता फॉर्मवर काय लिहून घ्यायचं ते. ‘युरिन आर्सेनिक स्पेसिएशन : असेंद्रिय आर्सेनिक (आर्सेनिक-तीन आणि आर्सेनिक-पाच), एमएमए, डीएमए आणि आर्सेनोबीटेन, प्रत्येक वेगळं.’ हे एचपीएलसी-आयसीपी-एमएस यंत्रावर होतं आणि नमुना बहुधा मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे जातो. प्रत्येक रूप लिटरला 1 मायक्रोग्रॅमच्या आत मोजता येतं का, हे आधी विचारा. त्याहून ढोबळ मोजणी असेल तर तुमच्यासाठी तिचा उपयोग नाही. स्पेसिएशन मिळत नसेल तर नमुना न पचवता केलेली हायड्राइड पद्धत (आर्सेनिकचा वायू करून मोजण्याची) हा दुसरा पर्याय आहे. आर्सेनोबीटेनचा हायड्राइड वायू होत नाही, त्यामुळे ते मोजलंच जात नाही आणि असेंद्रिय, एमएमए, डीएमए यांची एकत्र बेरीज मिळते. नमुना आधी आम्लात उकळून पचवला तर मात्र आर्सेनोबीटेन फुटतं आणि सगळं मुसळ केरात. म्हणून ‘न पचवता’ हे शब्द लिहून घ्या. नुसता आयसीपी-एमएसचा टोटल आकडा देणार असतील तर लघवीतल्या मिठाचा प्रश्नही असतो. क्लोराइड यंत्रातल्या आर्गॉनला चिकटून आर्सेनिकच्याच वजनाचा, 75 चा, खोटा संकेत देतं. चांगल्या प्रयोगशाळा हेलियमची कोलिजन सेल वापरून तो गाळतात.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या, धार सुरू झाल्यावर मधली. डबी नवी, प्लास्टिकची, आट्याच्या झाकणाची असावी, युरिन कल्चरची निर्जंतुक डबी चालेल. त्यात बोरिक अ‍ॅसिडसारखं कोणतंही संरक्षक असू नये. आम्लही घालू नका, नाहीतर रूपं एकमेकांत बदलतात आणि वेगळी मोजण्याचा हेतूच बुडतो. तुमचे 30 मिली पुरेत. ते दोन डब्यांत विभागा, एक पाठवायची आणि एक फ्रीझरमध्ये ठेवायची. तशाच एका डबीत प्रयोगशाळेकडूनच घेतलेलं शुद्ध (डिआयोनाइज्ड) पाणी ‘कोरा नमुना’ म्हणून सोबत पाठवा. त्यात आर्सेनिक आलं तर दोष डबीत किंवा हाताळणीत आहे हे लगेच कळतं. नमुना तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा, दोन दिवसांपेक्षा जास्त थांबणार असेल तर फ्रीझरमध्ये. नेताना बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्माकोलची पेटी घ्या. मासळीची जुनी पेटी कितीही धुतली तरी या कामाला वापरू नका.

एका सकाळच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. रोजचं जेवण, पाणी, घाम यांनी तो हलतो. आठवडाभराच्या अंतराने दोन नमुने द्या आणि 30 व्या आठवड्याच्या सुमारास तिसरा, प्रत्येकाच्या आधी तेच पाच दिवसांचं पथ्य. शेवटचा याच्यासाठी की गरोदरपणात शरीर आर्सेनिकचं डीएमएत रूपांतर जास्त चांगलं करू लागतं, रूपांचं प्रमाण पुढे सरकतं. पहिल्या आणि शेवटच्या अहवालाची तुलना करताना हे माहीत नसेल तर ‘डीएमए वाढलं’ म्हणून पुन्हा घाबरायला होतं.

अहवालातली आणखी एक खोच. लघवी पातळ की दाट यावरून आकडा बदलतो, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा तो क्रिएटिनिनने (स्नायूंतून येणारा, लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) भागून ‘ग्रॅम क्रिएटिनिनमागे’ देतात. धडधाकट पुरुषाला हे ठीक आहे. लहान मुलाच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, आणि भागाकार फुगून येतो. आईचा आणि मुलाचा आकडा शेजारी ठेवला की मूलच जास्त विषारी वाटतं. गरोदरपणात मूत्रपिंडाचं काम वाढल्यामुळे क्रिएटिनिनही भरवशाचं राहत नाही. म्हणून तुम्हा दोघांसाठी विशिष्ट गुरुत्वाने (पाण्याच्या तुलनेत लघवी किती दाट) दुरुस्त केलेला आकडा मागा. हिशेब घरीही जमतो. समजा बेरीज 30 मायक्रोग्रॅम आली, लघवीचं विशिष्ट गुरुत्व 1.024 आहे आणि तुलनेसाठी धरलेलं सरासरी गुरुत्व 1.012 आहे. दोन्हींतून 1 वजा केला की 0.012 आणि 0.024. त्यांचा भागाकार 0.5, म्हणून दुरुस्त आकडा 15. लघवीत साखर किंवा प्रथिनं जात असतील तर गुरुत्व खोटं वाढतं, म्हणून त्याच नमुन्याची साखर-प्रथिनांची पट्टीही लावून घ्या. पाचव्या महिन्यात ती तशीही लावायलाच हवी.

आकडे कसे वाचायचे? असेंद्रिय, एमएमए आणि डीएमए यांची बेरीज धरा, आर्सेनोबीटेन बाजूला ठेवा. विशेष संपर्क नसलेल्या माणसात ही बेरीज सहसा लिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या आत असते. कारखान्यातल्या कामगारांसाठी 35 ची मर्यादा वापरतात. ती प्रौढ कामगाराची आहे, गर्भवतीची किंवा बाळाची नाही. तिच्या आत आलात म्हणून कुणी ‘नॉर्मल’ म्हटलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. एक उदाहरण : आर्सेनोबीटेन 22, डीएमए 9, एमएमए 1.2, असेंद्रिय 1. बेरीज 11.2, काळजीचं कारण नाही. दुसरं : डीएमए 45, एमएमए 9, असेंद्रिय 12. बेरीज 66, आणि मुख्य म्हणजे एमएमए आणि असेंद्रिय दोन्ही वर आहेत. हे मासळीचं नव्हे, पाणी, तांदूळ किंवा औषध यांपैकी कशातून तरी असेंद्रिय आर्सेनिक रोज पोटात जातंय. नुसतं डीएमए वर आणि बाकी दोन्ही खाली असतील तर शिंपल्या किंवा तांदळातलं मुळातलंच डीएमए, पथ्य मोडलं का ते आठवून बघा.

आता मुलगा. त्याचं तपासायला हरकत नाही, पण तुमचा दुसरा अहवाल आणि विहिरीचा अहवाल आल्यावर. घरात पाणी एक, तांदूळ एक, मग तुमच्याच आकड्यावरून बरंच कळेल. तीन वर्षांचा आहे म्हणजे सकाळी उठल्यावर स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात घेऊन लगेच डबीत ओतता येईल. 10 मिली पुरे. तांब्याचं, स्टीलचं भांडं नको, आणि त्या दिवशी पावडर-क्रीम लावू नका. पुढे तान्ह्या बाळाचा नमुना घ्यायची वेळ आली तर डायपर पिळून किंवा त्यातला जेल काढून पाठवू नका, त्यातून काही नीट मोजता येत नाही. चिकटपट्टीची युरिन बॅग चालते, पण त्वचेवरचं सगळं तिच्यात उतरतं. त्यापेक्षा दूध पाजल्यावर बाळाला उघडं धरून ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हाताने गोल फिरवा. पाचेक मिनिटांत पुष्कळदा धार येते, डबी हातात तयार ठेवा.

रक्ताची तपासणी या कामाला फारशी उपयोगाची नाही. आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जातं. नुकतीच विषबाधा झाली असेल तर रक्त, रोजच्या थोड्या थोड्या संपर्कासाठी लघवी. मागच्या काही महिन्यांचं कळायला नखं बरी, त्यातही पायाची, कारण ती हळू वाढतात आणि हाताच्या नखांसारखी मसाला-मातीत बुडत नाहीत. आंघोळीनंतर दहाही बोटांची नखं कापा, नेलपॉलिश-मेंदी नको. जावळाचं मात्र सांगायला वाईट वाटतं, ते पाठवू नका. विहिरीच्या पाण्याने धुतलेल्या केसाला बाहेरूनच आर्सेनिक चिकटतं आणि आतून आलेलं कोणतं, बाहेरून लागलेलं कोणतं हे नंतर धुऊन वेगळं करता येत नाही. ते आठवण म्हणूनच ठेवा.

विहिरीबद्दल. आर्सेनिकचे मोठे पट्टे गंगेच्या खोऱ्यात आहेत, पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश आणि पलीकडे बांगलादेश. तिथे नदीच्या ताज्या गाळात कुजणारं सेंद्रिय द्रव्य असतं, प्राणवायू संपतो, लोखंडाचे कण विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. तुमच्याकडे खाली काळा बसाल्ट आणि वर जांभा. जांभ्यातलं गंजलेलं लोखंड उलट आर्सेनिक धरून ठेवतं. म्हणून विहिरीला लालसर गढूळपणा आला की ‘आर्सेनिक’ असं समजू नका, तो बहुधा लोखंडाचा असतो. तरी खाडीकाठच्या काळ्या चिखलातल्या बोअरवेलबद्दल केवळ भूगोलावरून हमी देणं आम्हाला पटत नाही. एकदा मोजून घ्या. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाण्याची प्रयोगशाळा असते. नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक असेलच असं नाही, ते नाव घेऊन मागा. लिटरभराची बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कारण पाण्याच्या नमुन्यात (लघवीच्या उलट) नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर लोखंड खाली बसतं आणि आर्सेनिक त्याच्याबरोबर बाटलीच्या तळाला जातं. बोअरचा पंप पाच मिनिटं चालवून मग भरा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, अहवालात ती 0.01 मिलिग्रॅम अशी दिसेल. जास्त निघालं तर पाणी उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि आर्सेनिक दाट होतं. यूव्हीचा फिल्टरही त्याला काही करत नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या घरात विहिरीपेक्षा भाताकडे बघायला हवं. पाण्यातलं आर्सेनिक मर्यादेला टेकलेलं असलं तरी 2 लिटर पाण्यातून दिवसाला 20 मायक्रोग्रॅम जातात. समजा तांदळात किलोला 0.1 मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक आहे (पॉलिश केलेल्या तांदळाची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा 0.2 आहे), तर 300 ग्रॅम तांदळातून 30 जातात. तुमचं वजन 55 किलो धरलं तर किलोमागे सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम. मुलगा 13 किलोचा, 120 ग्रॅम तांदूळ खातो, त्याला किलोमागे 0.9. त्याचं ताट लहान, पण अंगाच्या मानाने मात्रा तुमच्या दीडपटीहून जास्त. तांदूळ कुठल्या मातीतला यावर सगळं अवलंबून, आणि रेशनचा तांदूळ कुठून येतो हे आपल्या हातात नाही. हातात आहे ते शिजवणं. कुकरमध्ये मोजून पाणी घालण्याऐवजी तांदूळ धुऊन सहा ते दहा पट पाण्यात शिजवा आणि पूर्वीसारखा भात वेळून घ्या. असेंद्रिय आर्सेनिक निम्म्याच्या आसपास त्या पाण्याबरोबर जातं. मात्र तेच पाणी मीठ घालून पेज म्हणून मुलाला दिलं तर काढलेलं सगळं परत पोटात. पेज हवीच असेल तर तांदूळ चौपट पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी टाका आणि नव्या पाण्यात पेज करा. वेळण्यात काही ब जीवनसत्त्वंही जातात, म्हणून डाळ, पालेभाजी, अंडं सोडू नका. हातसडीच्या तांदळात कोंड्याबरोबर आर्सेनिक जास्त असतं, लहान मुलाला रोज तोच देऊ नका. आठवड्यातले तीन-चार दिवस सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी ठेवा.

औषधांची कपाटं उघडा. सोमल, हरताळ, मनशीळ ही तिन्ही नावं आर्सेनिकच्याच खनिजांची आहेत. रसमाणिक्य, समीरपन्नग, श्वासकुठार अशा आयुर्वेदिक रसकल्पांत ती असतात. दम्यावर किंवा त्वचेवर कुणी पुडी दिली असेल तर तुम्ही किंवा मुलाने घेऊ नये, आणि पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर अजिबात नाही. उगाळून द्यायची बाळगुटी, वेखंड-मुरडशेंग-जायफळ, ही त्यातली नव्हे. हिरवट झाक असलेलं, वाळवीविरोधी रसायन मुरवलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका. त्या रसायनात तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिक असतं आणि राखेत ते मागे राहतं. रांगणारं मूल राख बोटाने चाखतं.

डिटॉक्सबद्दल राहिलं. त्यात धातू पकडणारं औषध, डीएमएसए किंवा डीएमपीएस, देऊन मग लघवी तपासतात. औषधाने ढकलून काढलेला आकडा औषधाशिवायच्या मर्यादेशी ताडला की तो सगळ्यांचाच जास्त येतो. तोच आकडा दाखवून पुढचा कोर्स विकला जातो. ही औषधं शरीरातलं जस्तही ओढून नेतात आणि गर्भासाठी सुरक्षित नाहीत. खऱ्या, सिद्ध झालेल्या विषबाधेत ती रुग्णालयात, विषतज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. तुमच्यासाठी खरा उपाय आहे रोजची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. आर्सेनिकचं रूप बदलून बाहेर टाकायला शरीराला फोलेट आणि बी-12 लागतं. ती एकही दिवस चुकवू नका.

बाळाचं विचारलंत, त्याचं उत्तर आडपडदा न ठेवता देतो. असेंद्रिय आर्सेनिक वार (प्लॅसेंटा) ओलांडतं आणि नाळेतल्या रक्तात ते आईच्या जवळपास तेवढंच सापडतं. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात जास्त आर्सेनिकच्या पाण्यावर राहिलेल्या गर्भवतींमध्ये गर्भ आणि अर्भकं दगावण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. चिलीच्या अंतोफागास्ता शहरात 1958 ते 1970 पाण्यात लिटरला 800 मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होतं. त्या काळात पोटात किंवा तान्ही असलेली मुलं मोठेपणी फुप्फुसाच्या आजारांनी जास्त दगावली. म्हणून मोजायचं, आणि नीट मोजायचं. ती माणसं वर्षानुवर्षं असं पाणी पीत होती. तुमच्याकडे आज फक्त तिसऱ्यांच्या दुसऱ्या सकाळचा एक आकडा आहे. आणि जन्मानंतर निर्धास्त अंगावर पाजा. आईच्या दुधात आर्सेनिक फार कमी उतरतं. पाण्यात कालवून द्यायच्या डब्याच्या दुधापेक्षा त्या बाबतीतही ते सुरक्षित आहे.

सासूबाईंना सांगा, पाच दिवस झाले आणि डबी दिली की त्याच दिवशी दुपारी बांगडा करायला हरकत नाही. या महिन्यांत मासळीतली प्रथिनं आणि ओमेगा तुम्हाला हवीच आहेत. मोरी आणि असे मोठे शिकारी मासे तेवढे टाळा, पण ते पाऱ्यामुळे. दुसऱ्या अहवालात आर्सेनोबीटेन सोडून उरलेली बेरीज 20 च्या वर आली, किंवा विहिरीत 10 च्या वर निघालं, तर दोन्ही कागद घेऊन तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे जा, आणि तोवर प्यायला व स्वयंपाकाला दुसरीकडचं तपासलेलं पाणी सुरू करा. लघवीतला आकडा काही दिवसांतच खाली येऊ लागतो, तीन आठवड्यांनी पुन्हा मोजला की पाणी बदलल्याचा परिणाम दिसेल.